नानांच्या वहीतली कैफियत

नाना शितोळे सिनेमाला निघताना मनगटावरचं घड्याळ फिरवून तबकडी तळहाताच्या बाजूला घेत. अंधारात हात मांडीवर उताणा ठेवला की वेळ दिसते आणि शेजारच्याला त्रास होत नाही, असं त्यांचं म्हणणं. वेळ कशाला बघायची, तर पडद्यावर पहिलं जनावर किती मिनिटांनी आलं ते मोजायला. जनावर म्हणजे डायनासोर. दुसऱ्या कुठल्या सिनेमाला ते जातच नसत. ती डायनासोरची परदेशी मालिका आहे ना, काही वर्षांनी एक भाग येतो आणि इथे हिंदीत बोलतो, तेवढीच त्यांची.

मी त्यांना सिनेमाला जाताना कधी पाहिलं नाही. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा काचबिंदूनं त्यांचे डोळे जवळजवळ नेलेच होते. उजेड आणि सावली, एवढंच उरलं होतं. तरी घड्याळाची गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, कारण सांगताना ते हात मांडीवर उताणा ठेवून दाखवत, आणि मग बराच वेळ तो तसाच राहून जाई.

मी हिंगोलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली. आठवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात होता आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. पुढे लग्न झालं, मालक देवासच्या कारखान्यात लागले, म्हणून इकडे आले. इकडे सगळं हिंदी. दुकानात, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत मी आधी मनात वाक्य जुळवते आणि मग तोंड उघडते, तोवर समोरचा दुसऱ्याशी बोलायला लागलेला असतो. शेजारणीनं एकदा सांगितलं की पलीकडच्या गल्लीत एक मराठी म्हातारे एकटे राहतात, त्यांना स्वयंपाकाला बाई पाहिजे. पगार किती, काम किती, काही न विचारता मी गेले. मराठी आहेत एवढंच ऐकलं होतं.

दारात उभी राहिले तर आतून आवाज आला, "कौन है भिया?" मी म्हटलं, स्वयंपाकाला आलेय. आवाज एकदम बदलला. "मग आपण आत यावं." मला जन्मात कुणी आपण म्हटलं नव्हतं. माझ्या मागे आणखी कुणी उभं आहे का म्हणून मी वळून पाहिलं.

भाजी कशी करता, पोळ्या किती, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते एकच, मराठी वाचता येतं का. शाळेचा विषय निघाला की मी आवाज खाली घेते. मी हळूच म्हटलं, सातवी झालीय, तिकडे महाराष्ट्रात. नाना हसले. म्हणाले, "आमच्या चिरंजीवांपेक्षा पुष्कळ झालं." चिरंजीव बंगळुरात मोठे इंजिनियर. घरात मराठी बोलायचे, पण शिकले हिंदीत आणि इंग्रजीत. वडिलांनी हातानं लिहिलेलं मराठी वाचायला बसले की दर ओळीला अडखळत आणि मग, बाद में पापा, म्हणून वही मिटत. नातवंडांचा तर प्रश्नच नव्हता.

मग नानांनी उशाखालून एक लांबट वही काढली, कापडी बांधणीची, आणि माझ्या हातात दिली. माझी नोकरी खरी त्या वहीची होती. स्वयंपाक नावाला.

नाना मूळचे धारचे. पवारांच्या दरबाराबरोबर दक्षिणेतून जी घरं माळव्यात आली त्यांतलं त्यांचं एक. पणजोबा घोड्यांच्या पागेत होते असं सांगत. नाना स्वतः जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात चेनमन होते. शेत मोजायच्या साखळीचं एक टोक धरून चालायचं, हे काम. धार जिल्ह्यातल्या किती शेतांतून ते असे चालले असतील त्याची गणती नाही. ती सवय अंगात मुरलेली. ओट्यापासून देवापर्यंत अकरा पावलं, खाटेपासून दारापर्यंत नऊ, आणि दारापासून फाटकापर्यंत बावीस. डोळे गेले तरी घरात कुठे धडकत नसत. लांब मानेच्या डायनासोरचं मापही ते साखळीतच सांगत. मान अर्धी साखळी भरेल, म्हणजे तेहतीस फूट, आणि शेपूट वेगळी मोजावी लागेल.

ती वहीही त्यांनी जमिनीच्या कागदासारखी आखली होती. एक रकाना, सिनेमा कुठे पाहिला. दुसरा, सोबत कोण. तिसरा, पहिलं जनावर किती मिनिटांनी. चौथा, खाल्लेली माणसं. आणि सगळ्यांत रुंद रकाना शेवटचा, कैफियत. आपल्याकडे ज्याला शेरा म्हणतात त्याला इकडच्या जमिनीच्या कागदात कैफियत म्हणतात. नानांचं सिनेमाबद्दलचं खरं मत त्या रकान्यात.

पहिली नोंद धारच्या टॉकीजची. आता तिथे लग्नाचा हॉल झालाय. सोबत, सौ. आणि कैफियत अशी: "जनावर दाखविण्याची घाई केलेली नाही. पाचोळा वाजला तरी छाती धडधडली. झाडपाला खाणाऱ्या जनावराचे डोळे गाभण गाईसारखे. सौ. रडली. पुन्हा पाहावा." तिसरी नोंद देवासची: "माणसें पळतात, जनावरें पळतात. कोण कोणाच्या मागें, समजत नाहीं. खाल्लेल्या माणसांपैकीं एकाचेंहि वाईट वाटलें नाहीं, हा दोष माणसांचा कीं सिनेमाचा?" अशा पाच नोंदी. पाचवीत सोबतच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती आणि कैफियतीत एकच शब्द, ठीक. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या.

दुपारी जेवण झालं की मी यातली एकदोन पानं वाचायची. मी अडखळायची, तेव्हा नाना शब्द पुरवत नसत. थांबत. त्यांच्या त्या थांबण्याची मला आधी भीती वाटायची, नंतर सवय झाली, आणि मग असं झालं की दिवसातला तेवढा अर्धा तास माझा मीच जपायला लागले. तेवढ्याच वेळात मला बोलायच्या आधी वाक्य जुळवावं लागत नसे.

डायनासोरच का, हे मी एकदा विचारलं होतं. त्याचं उत्तर सिनेमाच्या आधीचं निघालं. नाना जवान असताना बाग नावाच्या गावाच्या बाजूला मोजणीला गेले होते. साखळी सरळ रेषेत न्यायची तर मध्ये शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला एक गोल धोंडा. शेतकरी आडवा पडला. म्हणाला, भेरूजी है, ऊपर से सांकल नी जाएगी. साहेब चिडले, पण नानांनी दोन हात बाजूने वळसा देऊन मोजणी केली आणि नकाशावर त्या जागी देवाची खूण टाकली. पुढे पुष्कळ वर्षांनी कुणी शिकलेली माणसं त्या भागात आली आणि म्हणाली, असे गोल धोंडे म्हणजे डायनासोरची अंडी आहेत, दगड झालेली. खात्यात नानांची चेष्टा सुरू झाली. क्यों शितोळे भिया, अंडे को देवता लिख आए.

नाना मला म्हणाले, "तो शेतकरी चुकला नव्हता, मीहि चुकलों नव्हतों. त्याच्या बापजाद्यांनी जें जपलें तें जपण्यासारखेंच निघालें."

त्यानंतर लवकरच धारला पहिला सिनेमा लागला. नाना काकूंना घेऊन गेले, आपण ज्याला वळसा घातला तो कोण होता ते बघायला.

काकू मात्र सिनेमा बघत नसत. म्हणजे जात दर वेळी, पण भीतीचं काही आलं की पदर डोळ्यांवर. मग नाना कानात सांगत, काय चाललंय ते. काकू पदराआडून विचारत, "वाचला का हो तो?" नाना म्हणत, वाचला. सगळ्याच सिनेमांत सगळेच वाचत. चौथ्या रकान्यात मात्र खरा आकडा असे.

आणि हे खोटं सोडलं तर नोंदीच्या बाबतीत नाना फार कडक. त्यांच्या खात्यात एक गोष्ट चाले. कुठल्या शेतात काय पेरलंय ते शेतावर जाऊन लिहायचं असतं, त्याला मौका म्हणतात. पण भर पावसात कोण फिरतं. धारजवळच्या तिरला गावात एकदा एका पटवाऱ्यानं, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्यानं, चावडीत बसूनच रकाने भरले, मागच्या वर्षीचे आकडे बघून. नानांनी त्याला विचारलं, "मौके पे गए थे?" तो हसला. तर नाना एकटे साखळी खांद्यावर टाकून गेले आणि सांजेला परत येऊन सांगितलं की जिथे तू सोयाबीन लिहिलंस तिथे विहीर खोदलेली आहे. पटवाऱ्यानं पुढे त्यांची बदली करवली. खातेगावजवळच्या एका खेड्यात चार वर्षं काढावी लागली, काकू धारला आणि नाना तिकडे. त्याबद्दल ते काही बोलत नसत. एवढंच म्हणत, मौक्यावर न जाता लिहायचं नाही.

म्हणून नवा सिनेमा आला तेव्हा मोठी पंचाईत झाली.

शेजारच्या मुलानं बातमी सांगितली, देवासच्या मॉलमध्ये लागणार. नानांनी दोन दिवस वही काढायला सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले की मी जाऊन बसेन, पण दिसणार नाही, म्हणजे तो मौका नव्हे. मग पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "रेखाबाई, आपण जाल कां?"

मी आयुष्यात एकटी टॉकीजला गेले नव्हते. मॉलचा सरकता जिना पाहिला की मी बाजूचा साधा जिना शोधते. पण नाना मला जाल का म्हणाले होते, जा म्हणाले नव्हते. मी हो म्हटलं. त्यांनी शेजारच्या मुलाकडून मोबाईलवर तिकीट काढवलं आणि मला सगळं समजावून सांगितलं. वेळ जाहिरातींपासून धरायची नाही, पडद्यावर सर्टिफिकेट येतं तिथून धरायची. नुसती आरोळी ऐकू आली तर ते जनावर दिसलं असं लिहायचं नाही. शेपूट दिसली तर चालेल.

दुपारचा खेळ. मॉलच्या दारात रखवालदारानं माझ्या पिशवीतला डबा काढून ठेवून घेतला, तिथेच माझा अर्धा धीर गेला. आत शेजारी कॉलेजची पोरं. चौथ्या मिनिटाला पहिलं जनावर आलं आणि त्यानंतर सिनेमाभर एकही जनावर क्षणभर थांबलं नाही. जहाज उलटलं, पूल तुटला, एक छोटी पोरगी हरवली. कारखान्यात दोन जनावरं जोडून एक केलेलं होतं, त्याला शिंगंही होती आणि पंखही. किती माणसं खाल्ली ते मी अकरापर्यंत मोजलं, पुढे डोळे मिटून घेतले. काकूंसारखे. फक्त मला कानात सांगणारं कुणी नव्हतं.

परत आले तेव्हा चार वाजले होते. नाना बाहेरच्या खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा घातला होता. आणि मनगटावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. दिसत नव्हतं त्यांना, तरी.

मी वही घेतली, पेन घेतलं. कुठे, ते लिहिलं. सोबतच्या रकान्याशी मी थांबले आणि तो तसाच सोडला. किती मिनिटांनी? चार, म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. खाल्लेली माणसं? मी खरं सांगितलं, अकरानंतर डोळे मिटले. ते म्हणाले, लिहा, अकरा, पुढील मोजणी झाली नाही. मग त्यांनी गोष्ट विचारली, जनावरं कोणकोणती ते विचारलं, दोन जोडून एक केलेल्याचं ऐकून मान हलवली. आणि शेवटी हळूच म्हणाले, "एखादें जनावर नुसतें उभें होतें कां हो? कोणाच्या मागें न लागतां?"

नव्हतं. पण ते पुढे झुकून बसले होते आणि हात मांडीवर उताणा होता. मी म्हटलं, होतं.

कुठे, म्हणाले. मग डोळ्यांसमोर आमच्या गावचं तळं आलं. मी सांगत गेले. लांब मानेचं होतं. पाण्यात पोटापर्यंत उभं होतं. पाणी हलत नव्हतं. पाठीवर बगळा बसला होता. ते मान वळवून बगळ्याकडे बघायचं आणि परत समोर बघायचं. नानांनी विचारलं, ऊन कुठल्या बाजूनं होतं? मी म्हटलं, मागून, सांजेचं. किती वेळ? तीन मिनिटं, म्हटलं.

नाना खुर्चीत मागे टेकले. मग सांगू लागले आणि मी लिहिलं:

"कैफियत. घाईचा सिनेमा. जनावरें रानांत वाढलेलीं वाटत नाहींत, कारखान्यांतून आलेलीं वाटतात. दोन जोडून एक करण्याचें कारण समजलें नाहीं, एकच नीट दाखविलें असतें तर पुरे होतें. भीति आवाजानें वाटत नाहीं, वाट पाहण्यानें वाटते, हें करणारे विसरले. मात्र एके ठिकाणीं लांब मानेचें जनावर पाण्यांत उभें आहे, पाठीवर बगळा आहे, आणि कोणी कोणाच्या मागें लागलेलें नाहीं. एवढ्यासाठीं पाहावा."

एवढ्यासाठी पाहावा, हेही मी लिहून टाकलं. तीस वर्षांच्या वहीत एकही खोटी ओळ नव्हती. ती मी घातली होती, तीही मौक्यावर जाऊन.

त्याहून वाईट पुढे झालं. त्या दिवसापासून नाना दुसरं पान वाचायलाच सांगेनात. रोज तीच नोंद. बगळ्याशी आलं की हात वर करत, म्हणजे थांबा. मी थांबायची. गल्लीतून भाजीवाला ओरडत जाई, आणि नाना त्या पाण्याकडे बघत बसत. मी रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज मला तिरल्याचा पटवारी आठवायचा. नाना मला काय म्हणतील? काम गेलं असतं तर दुसरं मिळालं असतं. पण देवासमध्ये माझी बोलायची दुसरी जागा नव्हती. म्हणून मी गप्प राहायची आणि पोळ्या जरा जास्त मऊ करायची.

मग नाना न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही, पण चिरंजीव विमानानं आले आणि म्हणाले, अब अकेले नहीं. माणूस चांगला. मला हात जोडून म्हणाले, आंटी, आपने बहुत किया. मी त्यांच्याहून लहान असेन. आठ दिवसांत घर आवरलं. खाट, देव, सगळं हललं, आणि नाना पहिल्यांदा घरात धडकायला लागले.

निघायच्या सकाळी चिरंजीव गाडीत सामान ठेवत होते. नाना रिकाम्या खोलीत एकाच खुर्चीवर बसले होते. मला म्हणाले, वही काढा. मला वाटलं, एकदा शेवटचं वाचायचं. मी पान उघडलं. ते म्हणाले, वाचायचं नाही.

"रेखाबाई, बगळा म्हशीवर बसतो. डायनासोरवर बसलेला मीं एकाहि सिनेमांत पाहिला नाहीं."

इतके दिवस मनात जुळवलेलं सगळं वाक्य कुठे गेलं कळलं नाही. मी एवढंच म्हणू शकले की नाना, चुकलं माझं, मी ते पान काढून टाकते. त्यांनी हात वर केला. बगळ्याशी करत तसाच. म्हणाले, पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. काकूंना मी जन्मभर सांगत आलो, वाचला तो म्हणून. त्यांनाही कळत होतं. आणि मग म्हणाले, कैफियतीच्या खाली लिहा.

मी लिहिलं: "बगळ्याचा भाग सिनेमांत नाहीं. मौक्यावर गेलेल्या बाईंनीं तो आपल्या गावाहून आणला. नोंद कायम ठेवावी."

"आणि सोबतचा रकाना रिकामा कां?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही तर इथे होतात, मी तिथे, मग सोबत कोणाची लिहू. ते म्हणाले, "आपण तिथें, मी इथें, वेळ एकच. आपलें नांव लिहा." मी माझं नाव लिहिलं. जिथे पहिल्या चार पानांवर सौ. होतं, त्याच रकान्यात. अक्षर वाकडं आलं.

वही ते बरोबर घेऊन गेले. हिवाळ्यात चिरंजीवांचा फोन आला, पापा गेले म्हणून. मग वहीबद्दल विचारलं, आंटी, उनकी एक कॉपी है, उसमें क्या लिखा है? मी म्हटलं, फोटो पाठवा, मी वाचून दाखवते. अजून आलेले नाहीत. त्यांना घर असतं, नोकरी असते. मी मात्र मोबाईल वाजला की बघते.

डोळ्यांसमोर राहिलेत ते त्या सकाळचे नाना. चिरंजीव हात धरायला आले तर त्यांनी धरू दिला नाही. दारापासून स्वतःच निघाले, ओठांत मोजत. बावीस पावलं. फाटकाशी थांबले आणि निरोप घ्यायला वळले. पण मी दाराशी राहिले नव्हते, त्यांची पिशवी घेऊन डावीकडे जास्वंदीपाशी येऊन उभी होते. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी रिकाम्या दाराकडे तोंड करून दोन्ही हात जोडले, मान लववली, आणि तसेच उभे राहिले.

मी पिशवी तिथेच ठेवली, पायातल्या चपला काढल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि पळत जाऊन दारात उभी राहिले.